पावसाने काढलेले चित्र कोणाचे?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनात एक वाक्य हमखास ऐकू येते. प्रदर्शन मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत असो, नाहीतर तालुक्याच्या गावातल्या एखाद्या सभागृहात. प्रेक्षक चित्रापुढे उभा राहतो, मान तिरकी करून बघतो आणि शेजारच्याला हळूच म्हणतो, "असलं चित्र तर आमच्या मागच्या भिंतीवर दर पावसाळ्यात आपोआप उमटतं!" शेजारचा हसतो आणि दोघेही पुढे सरकतात.

शेरा थट्टेतला असला तरी फेकून देण्यासारखा नाही. भिंतीला ओल येते, चुन्याचे पोपडे सुटतात, शेवाळ धरते, वर लोखंडी गज असेल तर गंजाचा ओघळ खाली उतरतो. चार पावसाळे गेले की ती भिंत खरोखरच बघण्यासारखी होते. पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना असाच सल्ला लिहून ठेवला होता. डाग पडलेल्या भिंतींकडे निरखून बघा, त्यांत तुम्हाला डोंगर, नद्या, लढाया दिसू लागतील, असे त्याचे म्हणणे. म्हणजे आपल्या प्रेक्षकाने चित्राच्या मुळावरच बोट ठेवलेले असते. प्रश्न पुढचा आहे. ऊन, वारा आणि पाऊस यांनी चित्र काढले, तर त्यात चित्रकाराचे काय उरते?

हा प्रश्न एका फ्रेंच चित्रकाराने अगदी टोकाला नेऊन तपासला. त्याचे नाव इव्ह क्लाइन. १९६० साली त्याने एका कॅनव्हासला ओला रंग लावला, तो आपल्या मोटारीच्या टपावर बांधला आणि पॅरिसहून नीसला निघाला. नऊशे किलोमीटरहून अधिक अंतर, आणि वेग ताशी शंभर किलोमीटरचा. वाटेत वाऱ्याने रंग ओढला, पावसाने तो धुतला, उन्हाने वाळवला. एरवी तीस-चाळीस वर्षांत येणारे म्हातारपण त्या कॅनव्हासवर एका दिवसात आले, असा त्याचा दावा होता. त्याच सुमारास त्याने पावसाच्या आणि नदीकाठच्या लव्हाळ्यांच्या खुणाही कॅनव्हासवर उमटवून घेतल्या. या चित्रमालेला त्याने 'कॉस्मोगोनी' म्हणजे विश्वाची उत्पत्ती असे नाव दिले. दोन वर्षांनी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तो गेला.

आता कोणी म्हणेल, यात क्लाइनने काय केले? मोटार चालवली! पण जरा थांबून हिशेब करू. कोणता रंग, किती पातळ, कोणत्या कापडावर, हे त्याने ठरवले. कॅनव्हास किती वेळ वाऱ्यापावसात ठेवायचा, हे त्याने ठरवले. आणि शेवटी, जे हाती आले ते ठेवायचे की टाकून द्यायचे, हेही त्यानेच ठरवले. साहित्य, वेळ आणि निवड अशा तीन जागा चित्रकाराच्या हातात राहिल्या. मधला सगळा कारभार हवामानाचा. आपल्या मागच्या भिंतीला या तिन्ही जागी कोणीच नसते. तिथे पाऊस सुरू कधी झाला आणि थांबला कधी, याची दखल घेणारा माणूस नाही. फरक आहे तो एवढाच, पण तो लहान नाही.

दुसरी गोष्ट. हवामानाने केले म्हणजे कसेही झाले, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. निसर्ग लहरी वाटतो, पण त्याचे हात ठरावीक नियमांनीच चालतात.

घरातलेच उदाहरण घ्या. टेबलावर चहाचा किंवा कॉफीचा थेंब सांडला आणि तसाच वाळू दिला, तर डाग मध्ये फिका आणि कडेला गडद दिसतो. असे का? थेंबाची कड टेबलाला धरून बसते, सरकत नाही. कडेला थेंब पातळ असतो आणि तिथून पाणी सर्वांत वेगाने उडून जाते. उडालेल्या पाण्याची भरपाई करायला मधले पाणी कडेकडे धावते आणि जाताना चहाचे कण सोबत घेऊन जाते. सगळे कण कडेला जाऊन साचतात. शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली ही उकल 'नेचर' या नियतकालिकात मांडली. जलरंगात काम करणारे चित्रकार मात्र ही कड कित्येक पिढ्यांपासून वापरत आले आहेत. ती हवी असेल तर ते रंग मुकाट्याने वाळू देतात. नको असेल तर कोरड्या ब्रशने कडेचे पाणी टिपून घेतात.

आता गुरुत्वाकर्षण बघू. मेक्सिकोचा चित्रकार डेव्हिड सिकेरॉस याने १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये एक प्रायोगिक कार्यशाळा चालवली. लाकडी फळी आडवी ठेवायची, तिच्यावर एका रंगाचा थर ओतायचा, त्यावर दुसऱ्याचा. मग हात मागे घेऊन बघत बसायचे. थोड्या वेळाने वरचा रंग ठिकठिकाणी खाली बुडतो, खालचा वर येतो आणि फळीभर जाळी, ठिपके, पेशींसारखे आकार उमलतात. मेक्सिकोतल्या संशोधकांनी २०१५ साली हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. त्यांना आढळले की वरचा रंग खालच्यापेक्षा जड असेल तरच ही नक्षी उमटते. पांढरा जड, काळा हलका. म्हणून काळ्यावर पांढरा ओतला की खेळ सुरू होतो. तेलावर पाणी ओतले तर पाणी खाली जाते आणि तेल वर येते, तसेच हे. रंग दाट असल्यामुळे ही उलथापालथ सावकाश होते आणि अर्ध्यावर असतानाच तो वाळून थिजतो. सिकेरॉसला या नियमाचे नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती. कोणता रंग कोणावर ओतायचा, हे हाताला कळले की पुरे. त्या कार्यशाळेत जॅक्सन पोलॉक नावाचा एक तरुणही होता. पुढे कॅनव्हास जमिनीवर अंथरून वरून रंगाच्या धारा सोडणारा चित्रकार म्हणून जगाने त्याला ओळखले.

कॅनव्हास जमिनीवर आला, हा चित्रकलेतला मोठा बदल होता. उभ्या कॅनव्हासवर ओघळ एकाच दिशेने खाली जातो. आडव्यावर रंगाचे तळे होते, आणि ते कुठे पसरायचे हे कापडाचा पोत आणि उतार ठरवतो. १९५२ साली अमेरिकेच्या हेलन फ्रँकेनथेलर या तेवीस वर्षांच्या चित्रकर्तीने टर्पेन्टाइनने पातळ केलेला तैलरंग अस्तर न लावलेल्या कोऱ्या कॅनव्हासवर ओतला. सुती सदऱ्यावर शाई सांडावी, तसा तो कापडात शिरला. नुकतीच ती कॅनडाच्या किनाऱ्यावरून फिरून आली होती. चित्राला तिने नाव दिले 'माउंटन्स अँड सी', म्हणजे डोंगर आणि समुद्र. त्यात डोंगराचे किंवा समुद्राचे हुबेहूब रूप नाही. पण पाणी जसे वागते, पसरते, मुरते, काठ सोडते, तसाच रंग तिथे वागला आहे. निसर्गाचे चित्र काढणे वेगळे आणि निसर्गाला चित्रात काम करू देणे वेगळे, हे या चित्रापुढे उभे राहिले की समजते.

वाऱ्याचेही तसेच. टिम नोल्स या ब्रिटिश कलावंताने झाडाच्या फांद्यांच्या टोकांना पेने बांधली, समोर कागद ठेवला आणि वाऱ्याला रेघोट्या ओढू दिल्या. अँडी गोल्ड्सवर्दी याने मातीचा रंग मिसळलेला बर्फाचा गोळा कागदावर ठेवून वितळू दिला. पाणी वाहत गेले, सुकले, आणि त्याची वाट कागदावर राहिली.

आपल्याकडे काय? आपल्याकडे तर हवामान न बोलावता स्टुडिओत येऊन बसते. मे महिन्यात नागपुरात जलरंगाचा वॉश द्यायला घ्यावा, तर हात कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक वाळू लागते आणि मध्ये कडक रेषा उमटतात. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत तोच वॉश तासन् तास ओला राहतो. कण सावकाश खाली बसतात. अल्ट्रामरीनसारखा निळा रंग कागदाच्या खळग्यांत साचून दाणेदार दिसू लागतो. कागद, रंग, ब्रश, हात, सगळे तेच. चित्र मात्र वेगळे. तैलरंगाची गोष्ट आणखी निराळी. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते, त्यात दिवस जातात. ॲक्रिलिकमधले पाणी उडाले की रंगाचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतात. पण थंडी फार असेल, साधारण दहा अंशांच्या खाली, तर तो नीट धरत नाही. म्हणजे कोणत्या ऋतूत कोणता रंग घ्यावा, हाही चित्राचाच भाग झाला.

वासुदेव गायतोंडे यांचे नाव इथे घ्यायला हवे. त्यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा, घराणे गोव्याचे, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. गायतोंडे यांनी काही कॅनव्हास पावसात ठेवले नाहीत. पण मुंबईत समुद्राकाठच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता, आणि रोलर व पॅलेट नाइफने रंगाचे थर लावत, खरवडत, पुन्हा लावत ते काम करीत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे होत. बाकीचा वेळ बघण्यात आणि थांबण्यात जाई. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणेही त्यांना पसंत नव्हते. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. २००१ साली ते गेले आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. रंगाला त्याचा वेळ द्यायचा आणि आपण मध्ये लुडबूड करायची नाही, हा संयम त्यांच्या चित्रांत दिसतो. मगाशी सांगितलेल्या तीन जागांपैकी वेळ आणि निवड या दोन जागा एखादा माणूस किती गांभीर्याने सांभाळू शकतो, याचे हे आपल्या घरचे उदाहरण.

मात्र बोलावलेला पाहुणा चित्र पुरे झाल्यावर घरी जात नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. मार्क रॉथको याने हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली मोठी चित्रे १९६४ साली एका खोलीत लावली गेली. खोलीला भल्यामोठ्या खिडक्या होत्या. रॉथकोने वापरलेला लाल रंग उन्हात टिकणारा नव्हता. किरमिजी चित्रे फिकट निळी पडत गेली आणि १९७९ साली ती उतरवून ठेवावी लागली. २०१४ साली ती पुन्हा मांडली तेव्हा कॅनव्हासला हात न लावता, उडालेला रंग प्रकाशझोताने वरून टाकून दाखवावा लागला. तिथेही उन्हाने काम केले होते. पण ते कोणी सांगितलेले नव्हते, आणि थांबवायलाही कोणी नव्हते.

याउलट नॉर्वेचा एडवर्ड मुंक. ऑस्लोजवळच्या आपल्या घरी तो चित्रे उघड्यावर, पावसात आणि बर्फात ठेवून देई. जे टिकेल ते खरे, अशी त्याची रीत. त्याच्या 'द स्क्रीम' या १८९३ सालच्या प्रसिद्ध चित्रावर एक पांढरा डाग आहे. ती पक्ष्याची शीट असावी, असे बरीच वर्षे समजले जाई. चित्र बाहेर राहिल्याचा तो पुरावाच, असेही म्हटले जाई. २०१६ साली तपासणी झाली तेव्हा ते मेण निघाले, बहुधा मेणबत्तीचे. तेव्हा प्रत्येक डागाचे श्रेय निसर्गाला देण्याची घाई करू नये!

आपल्या हवेत तर बुरशीची भीती कायमची. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर गेली की कागदावरच्या सरसावर आणि रंगातल्या डिंकावर ती आनंदाने वाढते. ज्या दमट हवेने चित्राला दाणेदार निळाई दिली, तीच पुढच्या वर्षी त्यावर करडे ठिपके पाडू शकते. म्हणून ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी उन्हात टिकणारे रंग घ्यावेत, चित्र पूर्ण वाळल्याशिवाय काचेत घालू नये, आणि काच कागदाला टेकू देऊ नये.

ज्यांना नुसते करून बघायचे आहे, त्यांच्यासाठी एक सोपा प्रयोग सांगतो. जाड हँडमेड कागदाचे सहा तुकडे घ्या. सगळ्यांवर एकच निळा रंग, सारखेच पाणी घालून लावा. एक सपाट ठेवा, एक तिरका. एक पंख्याखाली, एक बंद खोलीत. पाचवा रिमझिम पावसात दहा अंक मोजेपर्यंत धरा, सहावा तीस मोजेपर्यंत. प्रत्येकामागे तारीख, वेळ आणि काय केले ते पेन्सिलीने लिहा. दुसऱ्या दिवशी सहाही कागद भिंतीला टेकवून लांबून बघा. पाच बाजूला काढा, एक ठेवा.

तोच का ठेवला, हे घरातल्या कोणीतरी विचारेलच. उत्तर देताना तुम्हाला अडखळायला होईल. ते अडखळणे पुढच्या प्रदर्शनात, त्या अमूर्त चित्रासमोर उभे राहताना, सोबत घेऊन जा.