उसाच्या खोडव्यात मातीचा प्रातिनिधिक नमुना

एक हेक्टर जमिनीच्या वरच्या ३० सें.मी. थरात सुमारे ४० लाख किलो माती असते. त्यातील अर्धा किलो प्रयोगशाळेत जाते आणि सेंद्रिय कर्ब तपासण्यासाठी तर साधारण १ ग्रॅमच वापरली जाते. एवढ्याशा मातीवरून सर्व शेताची खतमात्रा ठरते. नमुना चुकला तर तपासणी अचूक असूनही शिफारस चुकते आणि खतावरील खर्च वाया जातो.

पुन्हा पुन्हा येणारा पट्टा

साडीवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते. त्या नक्षीचा एक पूर्ण तुकडा पाहिला की सारे कापड कळते. नुसती बुट्टी पाहून कळत नाही. शेताचेही तसेच आहे. नांगरलेल्या रानात माती बरीच मिसळलेली असते. खोडव्यात मात्र सऱ्या मोडल्या जात नाहीत, त्यामुळे ओळीलगत दिलेले स्फुरद तेथेच साठते. फक्त ओळीलगतची माती घेतल्यास स्फुरद जास्त दिसते, फक्त मधली घेतल्यास कमी. म्हणून एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतचा पूर्ण पट्टा नमुन्यात यावा.

समजा, दोन ओळींत १२० सें.मी. अंतर आहे आणि खत २० सें.मी. रुंदीत पडले आहे. अशा वेळी खताच्या पट्ट्यातून १, तर उरलेल्या १०० सें.मी. भागातून ५ या प्रमाणात माती घ्यावी. एकूण १८ ठिकाणे निवडल्यास हे प्रमाण ३ व १५ असे येते.

नमुना घेण्याची पद्धत

१) उतारावरची मुरमाड व सखल भागातील काळी जमीन यांचे नमुने वेगळे घ्यावेत. दोन्ही एकत्र केल्यास येणारी सरासरी कोणत्याच भागाला लागू पडत नाही.

२) ऊसतोडणीनंतर, खते देण्यापूर्वी नागमोडी चालत ठिकाणे निवडावीत. बांध, झाडाखालची जागा, विहिरीजवळचा भाग व शेणखताच्या ढिगाची जागा टाळावी.

३) पाचट बाजूला सारून इंग्रजी 'व्ही' आकाराचा ३० सें.मी. खोल खड्डा घ्यावा. खड्ड्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत २ ते ३ सें.मी. जाडीची माती काढावी. सर्व ठिकाणी जाडी व खोली सारखीच ठेवावी, अन्यथा प्रमाण बिघडते.

४) सर्व माती स्वच्छ घमेल्यात मिसळून तिचे चार भाग करावेत. समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत व अर्धा किलो माती उरेपर्यंत असेच करावे.

५) माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी. गट क्रमांक, खोली, मागील पीक व दिलेली खते यांची चिठ्ठी सोबत द्यावी.