चेंबर आणि चाकोरी

हिंगोली जिल्ह्यात गाडीची खरी परीक्षा पांदणीवर होते. पावसाळाभर काळ्या मातीतून ट्रॅक्टर जातात, त्यांच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा उंचवटा उरतो. ऑक्टोबरच्या उन्हात तो वाळून दगडासारखा टणक होतो. ट्रॅक्टर त्याच्यावरून बिनदिक्कत निघून जातो. त्याच चाकोरीत शिरलेली छोटी गाडी मात्र खाली लागते. बहुतेक वेळा लागतं ते इंजिनाचं चेंबर, म्हणजे तळाशी ऑइल साठवणारं भांडं, नाहीतर गिअरबॉक्सचं आवरण. चेंबर फुटलं की ऑइल मातीत जातं, आणि ऑइलचा लाल दिवा पेटलेला असताना गाडी तशीच पुढे दामटली तर इंजिनही जातं.

घरी बांधलेल्या गाड्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा चकाकणारे बॉनेट आणि कौतुकाच्या गोष्टी असाव्यात. माझं लक्ष मात्र त्या गाड्यांच्या पोटाकडेच जात राहिलं. कंपनीची गाडी किती उंच असावी हे ठरवायला इंजिनिअरांची फौज असते. घरी गाडी बांधणारा माणूस ते एकटा ठरवतो, हातात आलेल्या भंगारातून ठरवतो, आणि तेही वेल्डिंगचा पहिला टाका मारण्याआधी.

महाराष्ट्रात अशा माणसांची परंपरा आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९पासून सत्तरच्या दशकापर्यंत ‘मीरा’ या छोट्या गाडीचे एकामागून एक नमुने तयार केले. मीराचं सस्पेन्शन रबराचं होतं आणि नंतरच्या नमुन्यात इंजिन मागच्या बाजूला होतं. सुमारे बारा हजार रुपयांत ती सामान्य माणसाला मिळावी, अशी त्यांची उमेद होती. कारखान्यात मीराचं उत्पादन कधी सुरू झालं नाही.

अलीकडचं उदाहरण देवराष्ट्रे गावचं, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावचं. सांगली जिल्ह्यातल्या या गावात लोहारकाम करणाऱ्या दत्तात्रय लोहार यांनी सुमारे साठ हजार रुपयांत, जुने सुटे भाग जुळवून आपल्या मुलासाठी छोटी जीप बांधली. तिला दुचाकीचं इंजिन आहे, चाकं रिक्षाची आहेत आणि ती सुरू होते किक मारून. डिसेंबर २०२१मध्ये तिची चित्रफीत देशभर फिरली.

रिक्षाच्या चाकांपाशी मी बराच वेळ थांबलो, कारण सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो. रिक्षाला सर्रास लागणारा टायर ४.००-८ मापाचा असतो. आठ इंची रिम, तिच्या वर चार आणि खाली चार इंच टायर. एकूण सोळा इंच, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर. आसाचा मध्य जमिनीपासून जेमतेम २० सेंटिमीटरवर येतो, आणि त्याच्याखाली जे काही लोंबेल ते या विसातून वजा होतं. महिंद्राची बोलेरो आणि टाटांची नॅनो या दोघींच्या पोटाखाली कंपनीच्या आकड्यानुसार १८० मिलिमीटर जागा आहे. कुठे ती आडदांड जीपगाडी आणि कुठे नॅनो! पण नॅनोचं इंजिन मागे होतं, पोटाखालून लांब शाफ्ट जात नव्हता, म्हणून बारा इंची रिमवरही तिला ते जमलं. गाडीची उंची आणि पोटाखालची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या जोडीवरून चांगलं दिसतं.

घरच्या गाडीला अडचण आली की पहिला सल्ला मिळतो तो मोठे टायर टाकण्याचा. टायरचा व्यास पाच सेंटिमीटरने वाढवला तर पोट वर जातं अडीचच सेंटिमीटर. शिवाय चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर तोडते, म्हणून चढावर छोटं इंजिन धापा टाकतं. दुसरा सल्ला स्प्रिंगखाली ठोकळे घालण्याचा. त्याने बॉडी आणि इंजिन उचललं जातं, पण मागचा आस अखंड असेल तर डिफरन्शिअलचं हाउसिंग होतं तिथेच राहतं. ते आसाबरोबर असतं, स्प्रिंगच्या वर नसतं.

मग उरतो खरा उपाय. इंजिन आणि गिअरबॉक्स चासीतच वर घ्यायचे.

इथे प्रत्येक सेंटिमीटरची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, आणि हीच गुंतागुंत मला मोहवते. समजा इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून पाच सेंटिमीटर उचलले. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारा दांडा, १.२ मीटर लांब असेल तर त्याचा कोन जवळजवळ अडीच अंशांनी वाढतो. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, कोनात फिरतो तेव्हा पुढची गती एकसारखी राहत नाही, एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त होते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक पुसून टाकतो, पण गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शिअलचा पिनियन समांतर असतील तरच. इंजिनाच्या फाउंडेशनचे पुढचे कान उचलले आणि मागचा आधार तसाच ठेवला, तर समांतरपणा मोडतो. गाडी ठरावीक वेगाला थरथरू लागते आणि क्रॉस लवकर झिजतात. म्हणून जाणता मिस्त्री आधी दोन्ही शाफ्टना पातळी लावतो आणि मगच वेल्डिंगचं मशीन सुरू करतो.

इंजिन वर घेता येत नसेल तर चेंबर कापून उथळ करतात. ब्रिटनमधल्या लोटस सेव्हनच्या घराण्यात हे दुखणं जुनंच आहे. कॉलिन चॅपमनची ती गाडी १९५७मध्ये आली. लोक ती सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडत, कारण त्यामुळे कर वाचे. इतक्या बसक्या गाडीत सगळ्यांत खाली असतं ते चेंबरच. ते उथळ केलं की ऑइल कमी मावतं. वळणावर किंवा चढावर उरलेलं ऑइल एका कडेला जातं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंग कोरडी पडतात. उपाय असा की भांडं उथळ करायचं पण बाजूंनी रुंद करायचं, आत आडवे पत्रे बसवून ऑइल अडवायचं आणि पंपाच्या जाळीची नळी नव्या तळाच्या मापाने आखूड करायची. हा शेवटचा भाग विसरला तर बाकी सगळी मेहनत वाया. रेसच्या गाड्या ऑइल वेगळ्या टाकीत ठेवतात आणि इंजिनाखाली नुसता उथळ पत्रा ठेवतात. पण त्याला जास्तीचा पंप लागतो आणि पैसाही.

दुचाकीचं इंजिन घेतलं तर वेगळा गिअरबॉक्स लागतच नाही, तो इंजिनाच्याच पोटात असतो. तळाशी लोंबणारी एक वस्तू कमी होते. मात्र रिव्हर्स गिअर नसतो, त्याची सोय स्वतंत्र करावी लागते.

खाली लोंबणारी वस्तू चाकांच्या जवळ ठेवावी, हेही भूमिती सांगते. उंचवटा ओलांडताना आसाजवळचा भाग चाकाबरोबर वर जातो, दोन्ही आसांच्या मधला भाग अडकतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असतो. दोन आसांत २.२ मीटर अंतर असलेली गाडी त्याच्या माथ्यावर असताना मधल्या भागाखालची जागा साडेतीन सेंटिमीटरच्या आसपासच कमी होते. गावाच्या तोंडाशी टाकलेला अरुंद, वीतभर उंचीचा ढिगारा मात्र आपली सगळी उंची वसूल करतो. मला त्या ढिगाऱ्यांचा मनापासून राग येतो. कितीतरी चेंबर त्यांनी खाल्ली आहेत.

एवढं सगळं साधलं तरी गाडी रस्त्यावर आणायची कशी, हा प्रश्न उरतोच. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार मूळ नोंदीशी न जुळणारे बदल वाहनात करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ती वाट कारखानदारासाठी आखलेली आहे, एकच गाडी बांधणाऱ्या लोहारासाठी नाही. लोहार यांच्या जीपचं कौतुक करतानाच महिंद्रा समूहाच्या आनंद महिंद्रांनी लिहिलं होतं की, ती नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

नियमांमागची सुरक्षिततेची काळजी मला खोटी वाटत नाही. घरी बसवलेला स्टिअरिंगचा सांधा सुटला तर समोरच्या दुचाकीवरचं कुटुंब त्याची किंमत मोजेल. पण ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकेक गाडी तपासून, ब्रेकपासून धारदार कडांपर्यंत पाहून तिला नोंदणी देतात. तशी तपासणी आपल्या आरटीओच्या आवारात का होऊ नये? आपल्याकडचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी बाहा स्पर्धेसाठी स्वतः चासी वेल्ड करतात, खडकांवरून गाडी न्यायची म्हणून पोटाखालच्या जागेसाठी महिनोन्‌महिने झगडतात. त्यांच्या गाड्या परीक्षकांच्या कसोटीला उतरतात, आणि तरीही त्या धावतात बंदिस्त मैदानातच.

फक्त बंदिस्त आवारात वापरायच्या खास बनावटीच्या वाहनाला कायदा मोटार वाहन मानत नाही. तेव्हा हिंगोलीतल्याच औंढ्याच्या किंवा वसमतच्या एखाद्या शेतकऱ्याने हळद वाहायला आपल्या कुंपणाच्या आत अशी गाडी फिरवली तर वेगळी गोष्ट. पण हळद शेवटी बाजारात न्यावी लागते, आणि कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की समोर पांदण असते, म्हणजे सार्वजनिक रस्ता.