बॉडी आणि चासी यांच्यामधले रबर

टाटा सुमो किंवा महिंद्रा बोलेरो यांसारख्या गाड्यांमध्ये इंजिन, पाटे आणि चाके यांचा भार पेलणारी पोलादी चौकट, म्हणजे चासी, स्वतंत्र असते आणि प्रवासी बसतात ती बॉडी तिच्यावर बोल्टांनी जखडलेली असते. हे दोन भाग एकमेकांवर थेट टेकू नयेत म्हणून प्रत्येक बोल्टाभोवती रबराची जाड चकती बसवलेली असते. जालना जिल्ह्यात भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत माणसे आणि शेतमाल वाहणाऱ्या जुन्या गाड्यांचा खडखडाट वाढला, की दोष बहुधा पाट्यांना किंवा शॉकअॅब्सॉर्बरला दिला जातो. या चकत्यांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

या चकतीचे काम गणिताने स्पष्ट होते. बॉडीचे वजन आणि रबराचा ताठपणा यांवरून त्या जोडीची एक नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का बसल्यावर ती सेकंदाला किती वेळा हेलकावे घेईल हा आकडा, ठरतो आणि त्याच्या सुमारे 1.4 पटीहून जलद असलेली कंपनेच रबर अडवू शकते. समजा, नव्या रबराची ही वारंवारता 15 आहे, तर 21 च्या पुढची कंपने वर पोहोचताना क्षीण होतात. चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन मिनिटाला 750 फेऱ्यांवर उभे असताना सेकंदाला 25 स्फोट होतात, म्हणजे त्याची थरथर या सीमेच्या पलीकडे असल्याने अडते. रबराचा ताठपणा दुप्पट झाला, तर वारंवारता 21 वर आणि सीमा 30 वर जाते. मग तीच थरथर अडण्याऐवजी वाढून आसनापर्यंत येते.

रबर ताठ होण्याचे कारण त्याच्या रसायनात आहे. चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये असे आढळले, की गंधकासह तापवलेल्या रबराच्या लांब साखळ्या एकमेकींशी सांधल्या जातात आणि त्याला टिकाऊ लवचीकपणा येतो. पुढे हवेतील ऑक्सिजन त्या साखळ्यांत नवे सांधे निर्माण करून रबर कडक करतो, तर ओझोन ताणलेल्या पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतो. अशा रासायनिक क्रियांचा वेग तापमान 10 अंशांनी वाढल्यास ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे मराठवाड्याचा 40 अंशांपलीकडचा उन्हाळा येथे निर्णायक ठरतो आणि अंगणात नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरही निकामी होते. भरीस भर म्हणजे जालन्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे उंचसखल करते; त्यामुळे चासीला पीळ बसतो आणि चकत्या एका बाजूने अधिक चेपल्या जातात. दार लावताना उचलून घ्यावे लागणे आणि बॉनेटच्या दोन्ही कडांची फट असमान दिसणे, ही त्याची खूण होय.

चकत्या बदलण्याच्या कामात खरा वेळ गंजलेले बोल्ट सोडवण्यात जातो. एका बाजूचे सर्व बोल्ट काढून आणि दुसऱ्या बाजूचे ढिले करून, जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून बॉडी थोडीच उचलावी लागते. त्यापूर्वी स्टिअरिंगचा दांडा, रेडिएटरचे पाइप, ब्रेकच्या नळ्या आणि अर्थिंगची वायर यांना ताण बसणार नाही हे पाहावे लागते. बहुतेक चकत्यांच्या मध्यभागी पोलादी नळी असते आणि बोल्ट तिच्यावर आवळला गेल्याने रबर ठरावीक मर्यादेपर्यंतच दबते. ती गंजून खचली असेल, तर नवे रबरही पहिल्याच दिवशी चिरडले जाते. टायर कापून केलेल्या चकत्या स्वस्त पडतात, पण टायरमध्ये धाग्यांचे आणि अनेकदा तारांचे थर असल्याने त्या फार ताठ ठरतात. पॉलियुरेथेन अधिक टिकते, मात्र तेही कंपने वर पोहोचवते. जिल्ह्यातील रस्ते पाहता मूळ जातीचे रबरच योग्य, आणि तेही पूर्ण संच एकदम, कारण चारच चकत्या बदलल्यास नव्या-जुन्यांची उंची जुळत नाही.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा गाडी भंगारात जाऊन जालन्याच्या पोलाद भट्ट्यांत वितळायची की आणखी चालवायची, हे ठरवण्याआधी चकत्यांखालच्या चासीच्या पत्र्यावर हातोडीने ठोकून पाहावे. पत्रा शाबूत असेल, तर चकत्या बदलण्याचा खर्च सार्थकी लागतो. तो गंजून पोखरला असेल, तर नव्या रबराचा काहीही उपयोग नाही.