44 टनांचं इंजिन आणि 61 ग्रॅमची अडचण

या भागात बोललो ते थोडं नीटनेटकं करून इथे लिहून काढलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांनी वाचा. आकडेही समोर राहतील.

विषय आहे छोटी डिझेल शंटिंग इंजिनं घरी बनवण्याचा. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं हे इंजिन. आपण शंटर म्हणतो, अमेरिकेत स्विचर म्हणतात. नवीन लोक मला सांगतात, ‘पहिलंच मॉडेल आहे, म्हणून छोटं इंजिन निवडलं.’ मी म्हणतो, थांबा! दिसायला छोटं असलं तरी धावायला हेच सगळ्यात अवघड. का, ते एका खऱ्या इंजिनावरून सांगतो.

खरं इंजिन हलकं का होतं?

जनरल इलेक्ट्रिकचं 44-टनर. 1940 ते 1956 या काळात अमेरिकेत बनलं. मधोमध केबिन, दोन्ही बाजूंना बुटकं हूड, प्रत्येक हुडात एक डिझेल इंजिन. या 44 आकड्यामागे एक भानगड आहे. वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकायला फायरमन लागायचा. डिझेल आलं आणि त्याची नोकरी धोक्यात आली. 1937 मध्ये रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला: चालक-चाकांवर 90,000 पौंडांपेक्षा जास्त वजन असेल, तर डिझेलवरही फायरमन हवाच. अमेरिकन 44 टन म्हणजे 88,000 पौंड. म्हणजे मर्यादेच्या जरासं आत! एका माणसात काम भागावं म्हणून हे इंजिन मुद्दाम हलकं ठेवलं.

आता गंमत बघा. खऱ्याची सगळी अक्कल हलकं राहण्यात गेली, आणि मॉडेलवाल्याची सगळी धडपड ते जड करण्यात जाते.

घनाचा हिशेब

मी एचओ स्केलमध्ये काम करतो, म्हणजे 1:87. लांबी 87 पटीने कमी होते, पण रुंदी आणि उंचीही तेवढीच कमी होते. त्यामुळे वजन 87 गुणिले 87 गुणिले 87, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पटीने उतरतं. आपलं 44-टनर मेट्रिकमध्ये जवळजवळ 40,000 किलो. भागून बघा: 61 ग्रॅम! एका अंड्याएवढं.

आणि त्याने ओढायचं काय? अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा, एनएमआरएचा, एचओ डब्यांसाठी जुना नियम आहे: आधी एक औंस, मग लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. चाळीस फुटी मालडबा मॉडेलमध्ये साडेपाच इंच, म्हणजे 106 ग्रॅम. एकटा डबाच इंजिनापेक्षा जड! धातूच्या चाकांची पकड साधारण वजनाच्या पाचव्या भागाएवढी धरा. 61 ग्रॅमच्या इंजिनाची ओढ फार तर 12 ग्रॅम. चार डबे जोडले की चाकं जागच्या जागी गरगर फिरणार. शिवाय हलकं इंजिन रुळावर नीट टेकत नाही, वीज नीट उचलत नाही, आणि सांध्यावर आलं की बंद पडतं. मग बोटाने ढकला. शंटिंगची सगळी मजा गेली.

म्हणून आधी चेसिस, मग बॉडी

दोन रस्ते आहेत. एक किटबॅशिंग: दोन-तीन तयार किटांचे भाग कापून, जोडून तिसरंच काहीतरी करायचं. दुसरा स्क्रॅचबिल्डिंग: कोऱ्या प्लॅस्टिक शीटपासून सगळं आपण करायचं. माझा सल्ला मधला. चेसिस तयार मॉडेलची घ्या, बॉडी स्वतः करा. पण चेसिस निवडताना चाकांमधलं अंतर मोजा, आणि आठही चाकं वीज उचलतात का ते बघा. चारच उचलत असतील, तर आधी ते दुरुस्त करा. बॉडी चढवल्यावर हात आत जात नाही.

मग उघडी चेसिस चालवून बघा. यार्डात इंजिन ताशी पाच किलोमीटरने सरकतं. एचओमध्ये ते सेकंदाला 16 मिलिमीटर. म्हणजे एक मीटर रुळाला मिनिटभर लागलं पाहिजे, तेही न अडखळता. जमत नसेल तर बॉडीला हात लावू नका.

बॉडीला पॉलिस्टायरीन शीट. सुरीने दोन-तीन वेळा रेघ ओढायची आणि मोडायची. एक लक्षात ठेवा: अर्ध्या मिलिमीटरची शीट म्हणजे प्रत्यक्षात चार सेंटिमीटरहून जाड पत्रा. खिडकीच्या कडेला ते लगेच दिसतं. तिथे पाव मिलिमीटरची शीट वापरा आणि मजबुतीला आतून दुसरा थर द्या.

माझी चूक

आता वजन. मोटार मी केबिनमध्ये बसवली, म्हणजे दोन्ही हूड मोकळे. त्यात शिशाचे छर्रे भरले आणि वरून लाकडाला लावतात तो पांढरा गोंद ओतला. इंजिन 170 ग्रॅमचं झालं, दहा डबे ओढायला लागलं. मी खूश! दोन वर्षांनी डबा उघडला तर हुडाच्या बाजू फुगलेल्या, कोपऱ्याचे जोड उकललेले, आत पांढरी पूड. चार महिन्यांचं काम गेलं.

कारण साधं आहे. त्या गोंदातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. ते, ओलावा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून शिशाचं लेड कार्बोनेट करतात. ते शिशापेक्षा जास्त जागा खातं आणि बंद हूड आतून फोडतं. ती पूड विषारी असते, म्हणून झटकू नका, फुंकू नका. ओल्या कापडाने टिपा आणि हात धुवा.

आता मी शिसं वापरलंच तर इपॉक्सीत पूर्ण बुडवतो. त्याहून बरी टंगस्टनची पुटी. ती महाग असते, पण विषाची भीती फार कमी. आणि वजन दोन्ही हुडांत सारखं वाटा, नाहीतर एक बोगी ओढते आणि दुसरी नुसती फिरते.

तुमच्या कपाटात पांढऱ्या गोंदात शिसं भरलेलं जुनं मॉडेल असेल, तर आज रात्रीच ते काढून हुडाच्या कडेवरून बोट फिरवा. किंचित फुगवटा लागला, तर अजून वेळ गेलेली नाही. माझी गेली होती. भेटू पुढच्या भागात!