पिशवीची धास्ती

मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाला ‘मोठं आतडं काढावं लागेल’ असं सांगितलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘म्हणजे पोटावर पिशवी?’’ ही धास्ती जुनी आहे आणि एके काळी ती अगदी खरी होती.

तेव्हा लहान आतड्याचं टोक पोटावर काढत ते कातडीच्या पातळीतच. तिथून येणारा मल पातळ, पाचकरसांनी भरलेला. तो कातडीवर पसरे, कातडी सोलवटून निघे, टोकाला सूज येऊन वाट अडे. यापेक्षा रक्ताचे संडास परवडले, असं कुणी म्हटलं तर त्याला भित्रा कसं म्हणावं? १९५२ साली बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी ते टोक थोडं बाहेर ओढलं, शर्टाची बाही दुमडावी तसं उलटं दुमडलं आणि कातडीला शिवलं. टोक वर उठून राहिलं, मल थेट पिशवीत पडू लागला. जेमतेम इंचभराची ही युक्ती. माझ्या लेखी या आजाराच्या शस्त्रक्रियेतली सर्वांत मोठी.

औषधांच्या बाजूनेही हालचाल झाली : १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोन या स्टेरॉइडचा गुण सिद्ध केला. १९७८ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी लहान आतड्याचाच पाऊच करून तो गुदद्वाराला जोडला. कायमची पिशवी टळली. अर्थात दिवसाला पाच-सहा वेळा जावं लागतंच आणि पाऊचलाही सूज येऊ शकते. पुढे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध आलं, २००५ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली.

औषधं वाढली तशी ‘अजून एक करून बघू’ ही सवयही वाढली. तिचा शेवट पुष्कळदा वॉर्डात होतो. ऑक्सफर्डचा १९९६ चा अभ्यास सांगतो : शिरेतून स्टेरॉइड देऊनही तिसऱ्या दिवशी आठाहून जास्त संडास, किंवा तीन ते आठ संडास आणि सीआरपी (रक्तातून सूज मोजणारी चाचणी) ४५ च्या वर, अशांपैकी ८५ टक्के रुग्णांचं आतडं त्याच मुक्कामात काढावं लागलं. आज त्या टप्प्यावर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन देऊन अनेकांचं आतडं वाचवता येतं. पण रक्त उतरलेलं, अंगात त्राण नाही, नातेवाईक सहीचा कागद धरून उभे. ही काही विचार करायची वेळ नव्हे.

म्हणून सांगणं इतकंच : औषधांमागून औषधं बदलली जात असतील, तर सर्जनला अंगात ताकद असतानाच भेटा. भेटलं म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नाही. पिशवी लावून नोकरी-संसार करणाऱ्या एखाद्याशी बोला. मुंबईतली ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया अशाच लोकांसाठी आहे. मग हो म्हणा किंवा नाही.