पेन गोल का होत नाही?

फिरत्या वस्तूला हत्यार लावले की ती गोल होणारच, असे आपण धरून चालतो. लेथवर लाकडी पेन कातणाऱ्याचा हा समज फार दिवस टिकत नाही. तासभर खपून कातलेला, पॉलिश केलेला भाग धातूच्या कडीला जोडावा, तर एका बाजूला लाकूड वर आलेले आणि समोरच्या बाजूला धातू! मग ‘हात चुकला’ म्हणून दुसरा ठोकळा घेतला जातो आणि तीच चूक पुन्हा होते. बहुतेक वेळा दोष हातात नसतो. तो कोठे आहे हे कसे शोधायचे, ते आपण पाहू.

प्रथम रचना समजून घेऊ. लाकडी ठोकळ्याला लांबीच्या दिशेने भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवतात. बारीक पेनसाठी ती सुमारे ७ मिलिमीटर व्यासाची असते. हा ठोकळा ‘मॅण्ड्रेल’ नावाच्या पोलादी दांडीवर चढवून दोन्ही टोकांना बुश लावतात आणि नट आवळतात. दांडीच्या एका टोकाला लेथ फिरवते, दुसऱ्याला टेलस्टॉकचा आधार असतो.

आता खरी मेख अशी, की हत्यार लाकडाला गोल करते ते लेथच्या फिरण्याच्या अक्षाभोवती, नळीच्या अक्षाभोवती नव्हे. हे दोन अक्ष एकच असतील, तर भोक ठोकळ्याच्या मधोमध नसले तरी बिघडत नाही; जास्तीचे लाकूड निघून जाते. पण टेलस्टॉक फार दाबला, किंवा ठोकळ्याची टोके काटकोनात नसताना नट जोरात आवळला, तर बारीक दांडी वाकते. बुश सैल असले तरी नळी सरकते. मग पेन गोल होते, पण नळीशी समकेंद्री होत नाही.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. कातून झाल्यावर ठोकळ्यावर व दांडीवर पेन्सिलीने खूण करा. नट सैल करून फक्त ठोकळा अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळा आणि लेथ हळू फिरवा. ठोकळा डुगडुगला नाही, तर दांडी व बुश निर्दोष. डुगडुगला, तर दोष त्यांच्यात. शिवाय येथे चूक मोठी होऊन दिसते. नळीचे केंद्र अक्षापासून ०.१ मिलिमीटर सरकलेले असेल, तर अर्ध्या फेऱ्यानंतर बाहेरच्या पृष्ठभागाचे केंद्र अक्षापासून ०.२ मिलिमीटरवर जाते आणि डायल गेजचा काटा एकूण ०.४ मिलिमीटर हलतो.

या परीक्षेत ठोकळा उत्तीर्ण झाला, तर व्हर्निअर कॅलिपरने एकाच जागी काटकोनात दोन व्यास मोजा. ते वेगळे आले तर पेन लंबगोल आहे. लाकूड ओले असेल तर असे होते, कारण वाळताना ते वाढीच्या वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याच्या दिशेने आकसते. पॉलिश पेपरही वलयांतला मऊ भाग जास्त खातो.

सगळे व्यास सारखे आले म्हणजे वस्तू गोल, असे मात्र नाही! तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ नळी घट्ट धरून ती आतून कातली, की सोडल्यावर तिचे भोक तीन फुगवट्यांचे होते. व्यास मोजून हा दोष सापडेलच असे नाही. ब्रिटनचे १९६९ पासूनचे ५० पेन्सचे सप्तकोनी नाणे कसेही मोजा, रुंदी तीच येते.

वर्गात हे करून पाहता येईल. पुठ्ठ्यावर समभुज त्रिकोण काढा. प्रत्येक शिरोबिंदूतून बाजूएवढ्या त्रिज्येचा कंस समोरच्या बाजूवर काढून आकार कापा. दोन समांतर पट्ट्यांमध्ये तो कसाही फिरवला तरी नेमका बसतो. आता तो इंग्रजी व्हीसारख्या काटकोनी खाचेत ठेवून फिरवा आणि वरच्या टोकाची उंची पाहा. ती कमीजास्त होते. खऱ्या वर्तुळाची होत नाही.

विद्यार्थ्यांना यातून एक सवय लागावी: बिघाड झाला की सगळे एकदम बदलायचे नाही. एकच भाग फिरवायचा आणि दोष त्याच्याबरोबर फिरतो की जागीच राहतो, ते पाहायचे.