जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

कुटुंबांत वर्षानुवर्षें वापरलेली मोटार ही केवळ यंत्र राहत नाहीं. तिच्या मागच्या बैठकीवर मुलें लहानाचीं मोठीं झालेलीं असतात, तिच्यांतून नवी सून घरीं आलेली असते, आणि घरांतील कोणी आजारी पडलें असतां मध्यरात्रीं तीच धांवलेली असते. म्हणून ती बंद पडून अंगणांतील पत्र्याच्या शेडखालीं उभी राहिली तरी तिला भंगारांत घालण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं, आणि ती पुन्हां सुरू करण्याचें धैर्यहि होत नाहीं. अशा स्थितींत दहा-पंधरा पावसाळे निघून जातात. पुढें घरांतील एखाद्या तरुणास ती स्वतःच्या हातानें दुरुस्त करण्याची हौस उत्पन्न होते. ही हौस स्तुत्य खरी. परंतु तिच्या पोटीं एक गंभीर प्रश्न दडलेला असतो. नवे सुटे भाग सहजासहजीं मिळत नाहींत, जुने भाग मोडीच्या बाजारांतून आणावे लागतात. तेव्हां त्यांपैकीं कोणत्या भागावर विश्वास ठेवावा आणि कोणत्यावर ठेवूं नये?

महाराष्ट्रांत हा प्रश्न पुष्कळदां फियाट गाडीच्या निमित्तानें उपस्थित होतो. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत इटलीच्या फियाट ११०० ह्या नमुन्याच्या गाड्या तयार होत असत. १९७४ पासून त्याच घडणीची गाडी प्रीमिअर पद्मिनी ह्या नांवानें विकली जाऊं लागली. नांव नोंदवून कित्येक वर्षें वाट पाहिल्यावर घरीं येणारी ही गाडी मध्यमवर्गीय कुटुंबांच्या फार जिव्हाळ्याची होती. तिचें उत्पादन एकविसाव्या शतकाच्या आरंभीं बंद पडलें. तरीहि पुढें वीस वर्षें तिचे भाग मिळत राहिले, ह्याचें श्रेय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीकडे जातें. हजारों पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर असल्यामुळें त्यांचे कारागीर टिकले, आणि मोडीत निघालेल्या टॅक्सींचे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारांत येत राहिले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वयोमर्यादेमुळें शेवटची पद्मिनी टॅक्सीहि रस्त्यावरून गेली. आतां हा झरा आटत चालला आहे. म्हणून हातीं येणारा प्रत्येक भाग पारखून घेणें पूर्वींपेक्षां अधिक अगत्याचें झालें आहे.

नवशिका मनुष्य प्रथम इंजिनाकडे धांवतो. ही पहिली चूक होय. इंजिन बिघडलें तर तें दुरुस्त होतें, प्रसंगीं बदलतांहि येतें. परंतु ह्या गाडीचें अंग तसें नाहीं. ट्रकला खालीं लोखंडी सांगाडा असतो व त्यावर वरचा साज बसवितात. फियाट ११०० च्या घडणींत सांगाडा आणि अंग हीं एकच आहेत. तळाचा पत्रा, दाराखालच्या लांबट पोकळ पट्ट्या, खांब व छप्पर हीं सर्व मिळून गाडीचा भार पेलतात. दाराच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं असलेलीं भोंकें चिखलानें बुजलीं, अथवा गालिच्याखालीं ओल राहिली, कीं हा पत्रा आंतून कुजूं लागतो. आणि बाहेरून रंग मात्र चकचकीत दिसतो.

ह्याची परीक्षा सोपी आहे. मऊ फडक्यांत लहानसें लोहचुंबक गुंडाळून गाडीच्या अंगावरून फिरवावें. जेथें तें चिकटत नाहीं तेथें पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे, किंवा पत्राच उरलेला नाहीं, असें समजावें. नंतर तळाचा पत्रा व दाराखालच्या पट्ट्या पेंचकसानें टोंचून पाहाव्या. पेंचकस आंत गेला तर तेवढा भाग कापून त्या जागीं नवा पत्रा वेल्डिंगनें बसविणें हाच उपाय होय. पुट्टीनें भोंक बुजतें, बळ येत नाहीं. हें काम निष्णात कारागिराचें आहे, आणि त्यापूर्वीं बॅटरी व पेट्रोलची टाकी गाडींतून काढून दूर ठेविली पाहिजे. रिकामी वाटणारी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची असते, कारण तिच्यांत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते.

इंजिनाचा विचार त्यानंतर. पुष्कळ वर्षें उभ्या राहिलेल्या गाडीला बॅटरी जोडून एकदम स्टार्टर मारूं नये. सिलिंडरच्या भिंतींवर गंज चढून पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. जोर केल्यास त्या तुटतात. चारी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्यें थोडेंसें तेल सोडावें, एक-दोन दिवस वाट पाहावी, आणि मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हातानें हळूहळू फिरवून पाहावें. टाकींतील जुनें पेट्रोल तर काढून टाकावेंच; त्याची चिकट राळ झालेली असते.

इंजिनाचा गट्टू मोडींतून आणण्याची वेळ आल्यास तो मापून घ्यावा. फियाट ११०० च्या सिलिंडरचा मूळ व्यास ६८ मिलिमीटर व पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर. त्यावरून चार सिलिंडरांचें एकंदर आकारमान १०८९ घन सेंटिमीटर येतें. झीज सर्वांत अधिक होते ती सिलिंडरच्या वरच्या टोंकाशीं, जेथें पिस्टनची वरची रिंग येऊन उलट फिरते. तेथें नख फिरवून पाहिल्यास झिजलेल्या व न झिजलेल्या भागांमधील कंगोरा हाताला लागतो. तो ठळक असेल तर बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतील, हें किंमत ठरवितांनाच लक्षांत घ्यावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतां येईल. कोणता भाग जुना चालेल आणि कोणता चालणार नाहीं, ह्याचा निर्णय किंमतीवरून अथवा दिसण्यावरून करावयाचा नसतो. त्याची कसोटी एकच: हा भाग वाटेंत निकामी झाला तर काय होईल? गाडी नुसती उभी राहणार असेल, तर तो भाग जुना असला तरी हरकत नाहीं. परंतु गाडी थांबणार नसेल, वळणार नसेल, किंवा पेट घेईल, असा संभव असेल, तर तो भाग नवाच पाहिजे. थोडक्यांत, गाडी न चालली तर चालेल. पण ती न थांबली तर चालणार नाहीं.

ह्या कसोटीस लावल्यावर भागांचे दोन वर्ग आपोआप पडतात. दारांच्या मुठी, कांचा व त्या वरखालीं करण्याचीं यंत्रें, बंपर, दिव्यांच्या कडा, बैठकींचे सांगाडे, स्टार्टर, डायनामो, रेडिएटर, गिअरबॉक्स हे भाग मोडींतले घेण्यास प्रत्यवाय नाहीं. मात्र विजेचे भाग दुकानांतच बॅटरीवर चालवून पाहावेत. उलटपक्षीं ब्रेकच्या रबरी नळ्या व वाट्या, स्टिअरिंगचे सांधे, पेट्रोलच्या नळ्या, जळक्या आवरणाच्या तारा आणि टायर हे कितीहि स्वस्त मिळाले तरी जुने घेऊं नयेत.

ब्रेकचें उदाहरण पाहिल्यास ह्याचें कारण स्पष्ट होतें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. त्यामुळें सिलिंडरला आंतून बारीक खड्डे पडतात आणि त्यांवर घासून रबरी वाटी फाटते. ज्या गाडींत चारी चाकांच्या ब्रेकना एकच तेलवाहिनी असते, तींत एका ठिकाणीं गळती लागली तरी पायाखालचें सर्व बळ नाहींसें होतें. तसेंच टायरची नक्षी शाबूत दिसली म्हणून तो चांगला ठरत नाहीं. रबर वयानेंहि कडक होऊन तडकतें. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. ‘३५१९’ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. इंधनाचीहि गोष्ट तशीच. हल्लीं पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या प्रकारचें रबर त्यानें मऊ पडून झिरपूं लागतें, आणि झिरपलेलें पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतें. म्हणून अशा मिश्रणास टिकणाऱ्या नव्या नळ्याच घालाव्या.

घरीं काम करणारानें स्वतःच्या जिवाचीहि काळजी घेतली पाहिजे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये. भक्कम घोड्यांवर ती टेकविल्यावरच खालीं जावें. जुन्या ब्रेक-पट्ट्यांच्या धुळींत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती फुंकून न उडवितां ओल्या फडक्यानें पुसावी व तें फडकें टाकून द्यावें. काढलेला प्रत्येक नट त्याच्या बोल्टवर परत लावून डब्यांत चिठीसह ठेवावा, आणि सोडविण्यापूर्वीं प्रत्येक जोडणीचें छायाचित्र घ्यावें. सहा महिन्यांनीं स्मरणशक्तीचा भरंवसा धरतां येत नाहीं.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करणेंहि घातक ठरतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षें चालते व त्यापुढें तपासणीनंतर पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. मोडींतलें इंजिन घातलें तर त्याची पावती जपून ठेवावी आणि बदललेल्या क्रमांकाची नोंद परिवहन कार्यालयांत करून घ्यावी; नाहींतर प्रामाणिक मालकावरहि चोरीच्या मालाचा संशय येतो. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीस २०२१ च्या नियमांप्रमाणें ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळूं शकते. परंतु तशी गाडी नित्याच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. रोज फिरावयाचें कीं समारंभापुरती मिरवावयाची, हें घरांत आधींच ठरलेलें बरें.

कधीं कधीं सर्व तपासणी केल्यावर असें आढळतें कीं, गाडीचें अंगच गेलें आहे. तळ, पट्ट्या व खांब तिन्ही कुजले आहेत. अशा वेळीं वडिलांच्या आठवणीखातर तिजवर पत्र्यांचीं ठिगळें लावून तींत नातवंडांना बसविणें हें आठवणीचा मान राखणें नव्हे. त्यापेक्षां तिचें इंजिन, दारें व दिवे दुसऱ्या एखाद्या कुटुंबाच्या गाडीस द्यावेत हें उचित. ज्यांचीं अंगें शाबूत आहेत अशा गाड्या त्यामुळेंच आणखी कांहीं वर्षें चालतील.

आणि जी गाडी वांचण्याजोगी असेल, तिचें सर्वच कांहीं नवें करण्याचा अट्टाहास धरूं नये. हाताच्या घामानें काळवंडलेलें स्टिअरिंगचें चाक, बोटांनीं झिजलेली दाराची मूठ हीं तशींच राहूं द्यावीं. त्यांपासून कोणास अपाय नाहीं, आणि गाडीची ओळख त्यांतच आहे. ब्रेक मात्र नवे असावेत. पहिल्या दिवशीं मोकळ्या आवारांत, अगदीं सावकाश, एकट्यानेंच ती चालवावी; पुनःपुन्हां थांबवून पाहावी; परत आल्यावर प्रत्येक चाकाच्या आंतल्या बाजूस तेलाची ओल आहे काय तें तपासावें. दुसऱ्या दिवशीं तेंच करावें. आणि चारी चाकें कोरडीं राहिलीं, म्हणजे मगच घरांतल्या मंडळींसाठीं तिचें मागचें दार उघडावें.